एका बास गिटारचे हिस्टरी कार्ड



गेल्या वर्षी आपल्या उत्सवात ऑर्केस्ट्रा झाला, तेव्हा स्टेजच्या मागच्या बाजूला, ढोलकीवाल्याच्या शेजारी, एक टक्कल पडू लागलेले गृहस्थ चार तारांची लांब गिटार घेऊन उभे होते. तो मी. कार्यक्रमानंतर आपल्यातल्याच एका वहिनींनी विचारले, "भाऊजी, तुम्ही नक्की काय वाजवत होता? काही ऐकूच आले नाही!" त्यांना म्हटले, "वहिनी, मी वाजवायचे थांबलो असतो तर ऐकू आले असते." त्या हसल्या, पण बहुधा पटले नसावे. म्हणून कमिटीने यंदा "काहीतरी लिहून द्या" म्हटल्यावर विषय शोधावा लागला नाही.

मी काही लेखक नव्हे. मूळचा खानापूरचा, डिप्लोमा करून रेल्वेत लागलो. सिग्नल खात्यात वीसएक वर्षे झाली. लोंढा, हुबळी करत म्हैसूरला आलो आणि बोगादीत घर केले. हातात कायम मल्टिमीटर आणि स्क्रू-ड्रायव्हर. त्यामुळे हा लेख थोडा इतिहासाचा, थोडा वायरिंगचा आणि थोडा माझ्या एका चुकीचा आहे. घरात या वाद्याचे नाव काढले की सौ. म्हणते, "बास आता!" तरीही मी ते सुरूच ठेवतो, आपणही थोडे सहन करावे.

बास म्हणजे काय?

घराला पाया असतो आणि रुळाखाली खडी असते. दोन्ही कुणी पाहायला जात नाही. गाण्यात बासचे काम तेच. चार तारा, सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते, पुढच्या तारा ५५, ७३ आणि ९८ वेळा. हा स्वर कानापेक्षा छातीला जास्त जाणवतो. गंमत म्हणजे लहान ट्रान्झिस्टरच्या स्पीकरमधून ४१ कंपनांचा स्वर बाहेर पडतच नाही. त्याचे वरचे अंशस्वर ऐकून आपला मेंदू खालचा स्वर स्वतःच भरून काढतो. विविध भारतीवर आपण सगळ्यांनी बास असा, अर्धा कानाने आणि अर्धा मनाने ऐकला आहे.

पूर्वी हे काम डबल बास करायचा. माणसाएवढे उंच, व्हायोलिनच्या थाटाचे लाकडी धूड. ते उचलून नेणे हाच एक व्यायाम, आणि एवढे करून ढोल-ताशे, ट्रम्पेट यांच्यापुढे आवाज दबायचा तो दबायचाच.

आवाज पुरत नाही ही अडचण सगळ्या जगाची होती, आपल्या म्हैसूरचीही. तिरुमकूडलु नरसीपूर हे इथून जवळचे गाव. तिथले टी. चौडय्या (१८९५–१९६७) हे व्हायोलिनचे थोर विद्वान. माइक नसलेल्या सभेत मागच्या रांगेपर्यंत व्हायोलिन पोहोचत नाही, म्हणून त्यांनी चार तारांच्या व्हायोलिनला आणखी तीन तारा जोडल्या आणि सात तारांचे व्हायोलिन आयुष्यभर वाजवले. वाद्याला हात लावणे म्हणजे पाप, असे त्यांनी मानले नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

रेडिओ दुरुस्तीवाल्याची करामत

अमेरिकेत सिॲटल शहरात पॉल टटमार्क नावाच्या माणसाने १९३६ च्या सुमारास 'ऑडिओव्हॉक्स' नावाने आडवी धरून वाजवायची, पडदे असलेली विजेवरची बास गिटार केली होती. तिला एकच पिकअप होता. पण ती चालली नाही. काळाच्या पुढे असलेल्या गोष्टींचे असेच होते.

पुढचे नाव लिओ फेंडर (१९०९–१९९१). कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात त्यांचे रेडिओ दुरुस्तीचे दुकान होते. स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती. पण दुकानात येणाऱ्या वादकांचे गाऱ्हाणे ते लक्ष देऊन ऐकत. वादक म्हणत, डबल बास जड आहे, ऐकू येत नाही आणि पडदे नसल्याने बोट जरा सरकले की बेसूर. त्यावर फेंडर यांनी १९५१ मध्ये 'प्रिसिजन बास' काढली. सपाट लाकडी फळी, स्क्रूने जोडलेली मान, ३४ इंच लांबीच्या तारा, २० पडदे आणि मधोमध एक पिकअप. पडदे असल्यामुळे स्वर अचूक लागणार, म्हणून नाव प्रिसिजन. किंमत १९९ डॉलर ५० सेंट.

आम्हा मेंटेनन्सवाल्यांना या वाद्याचे कौतुक वाटते ते वेगळ्या कारणाने. ते दुरुस्तीवाल्याने बनवले आहे. मान वाकली, चार स्क्रू काढा, दुसरी लावा. पिकअप गेला, दोन तारा सोडवा, नवा जोडा. उघडता येणार नाही असे त्यात काही नाही. म्हणजे वाद्य बदलत राहण्याची सोय मूळ आराखड्यातच होती.

पिकअप : टेंपो नव्हे!

ऑफिसात मी पिकअप म्हटले की सहकारी म्हणतात, "सामान हलवायचे आहे का साहेब?" तो पिकअप नव्हे. हा पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार कंप पावते, चुंबकाचे क्षेत्र हलते आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. फॅरेडेने १८३१ मध्ये सांगितले तेच. आमच्या रुळाकडेला ॲक्सल काउंटर बसवलेले असतात. गाडीचे चाक आले की तिथल्या कॉइलमधले क्षेत्र बदलते आणि चाक मोजले जाते. दोन्ही एका घरातलीच भावंडे. तिथे चाक मोजतो, इथे तार.

पण एका कॉइलला एक खोड असते. तिला तारेचा आवाज ऐकू येतो तशी घरातल्या विजेची गुणगुणही ऐकू येते. आपली वीज ५० सायकलची. आणि बासच्या जाड तारेवर तिसऱ्या पडद्यावरचा स्वर येतो ४९ चा! म्हणजे गुणगुण वाद्याच्या अंगणातच येऊन बसलेली. ती गाळायला जावे तर गाणेही गाळले जाते.

फेंडर यांनी १९५७ मध्ये यावर उपाय केला. एका कॉइलचे दोन तुकडे केले, दोन तारांना एक, उरलेल्या दोन तारांना दुसरा. दोन्हींतले चुंबक उलटसुलट आणि जोडणीही उलट. त्यामुळे तारेचा आवाज राहतो, पण बाहेरून आलेली गुणगुण एकीत अधिक आणि दुसरीत उणे होऊन मिटते. रेल्वेत २५ हजार व्होल्टची ओव्हरहेड वायर आली तेव्हा शेजारच्या टेलिफोनच्या तारांत हाच त्रास झाला होता. तिथे बूस्टर ट्रान्सफॉर्मर आणि परतीची वायर घालून जाणारा प्रवाह येणाऱ्या प्रवाहाने मारावा लागला. तत्त्व तेच. पुस्तकात हे वाचले तेव्हा फेंडरसाहेब आमच्याच खात्यातले वाटले.

मुंबईचे न दिसणारे वादक

आता आपल्याकडे येऊ. हिंदी चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद मोठ्या प्रमाणावर गोव्याच्या माणसांनी उभा केला, हे आपण ऐकून असतो. गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना लहानपणीच नोटेशन वाचायला शिकवत. ही मंडळी मुंबईला आली आणि स्टुडिओत बसली. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना करणारे सॅबेस्टियन डिसूझा गोव्याचे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले आणि १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'मध्ये गुरूंचे नाव गाण्यात आले. साऱ्या देशाने ते नाव गुणगुणले, पण असा माणूस खरोखर आहे हे किती जणांना ठाऊक होते?

साठच्या दशकाच्या उत्तरार्धापासून आपल्या चित्रपटगीतांत डबल बासच्या जोडीला बास गिटार ठळक ऐकू येऊ लागली. राहुलदेव बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बास वाजवत. पंचमदांची गाणी ऐकताना आपला पाय ज्यावर हलतो ती रेघ पुष्कळदा त्यांची. तबकडीच्या पाकिटावर मात्र गायक, गीतकार, संगीतकार. बाकी वादक सगळे 'आणि मंडळी'. ग्रेगरी बूथ या परदेशी अभ्यासकाने या वादकांच्या मुलाखती घेऊन २००८ मध्ये पुस्तक काढले, तेव्हा कुठे पुष्कळांची नावे छापली गेली.

आणि हे आपल्याकडेच होते असेही नाही. अमेरिकेत डेट्रॉइटला मोटाऊन कंपनीत जेम्स जेमरसन (१९३६–१९८३) नावाचे वादक होते. साठच्या दशकातल्या असंख्य गाजलेल्या गाण्यांचा पाया त्यांचा, पण तबकडीवर नाव नाही. १९७१ मध्ये मार्विन गे यांच्या एका तबकडीवर ते पहिल्यांदा ठळकपणे छापले गेले. त्यांच्याकडे १९६२ ची प्रिसिजन बास होती. जुन्या तारा ते कधी बदलत नसत. तारा मळल्या की आवाज मुरतो असे त्यांचे मत. ती बास त्यांच्या अखेरच्या दिवसांत चोरीला गेली.

परवान्याचे दिवस

जेमरसन तारा बदलत नसत ती आवड म्हणून. आपल्याकडे बदलत नसत, कारण मिळत नसत! परकीय चलनाची टंचाई, आयात परवाने आणि भरमसाट जकात. १९९१ नंतर हे सैल झाले. त्याआधी परदेशी बनावटीची बास म्हणजे कुणीतरी बोटीवरून आणलेली. गोव्यात घरटी कुणीतरी तारवटी, म्हणजे बोटीवर नोकरीला. कपडे, घड्याळ, टेपरेकॉर्डर यांच्यासोबत कधी गिटारही यायची. फेंडर कुठली परवडायला? बहुतेक करून जपानी, स्वस्तातली, एका पिकअपची.

एकदा आली की तिला मरेपर्यंत चालवायचे. तुटलेल्या खुंटीच्या जागी मेंडोलिनची खुंटी. बटण रेडिओचे. ॲम्प्लिफायर लाउडस्पीकरवाल्याने जुळवलेला. मुंबईत गाजलेले गिटारवादक व्हॅन शिपले यांनी तर स्वतः आखणी करून आठ तारांची इलेक्ट्रिक गिटार घडवून घेतली होती. १९७० आणि १९७१ मध्ये 'सिमला बीट' नावाची देशभरच्या तरुण बँडची स्पर्धा झाली आणि तिच्या तबकड्याही निघाल्या. त्या काळातल्या मुलांकडे दुकानातून आणलेले सामान कमी आणि घरी जुळवलेले जास्त असायचे.

आमच्या रेल्वेच्या इन्स्टिट्यूटमधून तेव्हा नाताळ आणि नववर्षाचे डान्स होत. अँग्लो-इंडियन आणि गोव्याचे कर्मचारी दिवसा शेडमध्ये काम करून संध्याकाळी कोट घालून वाजवायला उभे राहत. माझी बास अशाच एका माणसाची.

माझी बास आणि माझी चूक

२०११ मध्ये लोंढ्याला असताना कामानिमित्त वास्कोला जाणे होई. तिथल्या एका सहकाऱ्याने सांगितले, ओळखीच्या घरी एक जुनी गिटार पडून आहे, वडील दोन वर्षांपूर्वी वारले, मुलगा देऊन टाकणार आहे. गेलो. पलंगाखालून खोके निघाले. जपानी बनावटीची, तीस इंची आखूड बास. माथ्यावरचे नाव घासून गेलेले. एकच पिकअप, त्याच्यावर चिकटपट्टी गुंडाळलेली. खुंट्या तीन एकसारख्या, चौथी वेगळी. मागे जिथे पट्ट्याचा पितळी कोट-हूक लावला होता तिथे दोन भोके. मुलाने पैसे घ्यायला नको म्हटले, मी आग्रहाने थोडे दिले.

घरी येऊन मीटर लावला. पिकअपचा रोध जेमतेम सव्वा हजार ओहम. चांगल्या बासचा दहा हजारांच्या आसपास असतो. मी म्हटले, कॉइल निकामी झाली आहे. सवयीने डायरीत आकडा टिपला आणि पुढचे काम नुसते उत्साहाचे. १९५७ च्या पद्धतीचा, दोन तुकड्यांचा नवा पिकअप मागवला. तो बसेना, म्हणून सुताराकडून खाच मोठी करून घेतली. खुंट्या नव्या, बटणे नवी, वायरिंग नवे. मानेवरची पट्टी शिसवीची होती. तिच्यावरचे निघालेले ठिपके पुढे म्हैसूरला आल्यावर जडावकाम करणाऱ्या एका कारागिराकडून भरून घेतले. अंबाविलास राजवाड्याच्या शिसवी दारांवर ज्या कलेचे काम आहे तीच ही कला. जुने सामान डब्यात घालून, बदली होताना, भंगारवाल्याला दिले. चुंबक तेवढे टूलबॉक्समध्ये ठेवले, स्क्रू उचलायला बरे म्हणून.

बास छान वाजू लागली. गुणगुण गेली. मला अभिमान वाटत होता.

२०१८ मध्ये पुन्हा वास्कोला जाणे झाले. म्हटले, त्या घरी बास दाखवावी. मुलगा परदेशी गेला होता, आंटी एकट्या होत्या. छोटा ॲम्प्लिफायर सोबत होता. हॉलमध्ये बसून दोन जुनी गाणी वाजवली. त्यांनी डोळे मिटून ऐकले. मग म्हणाल्या, "बरें आसा, पुता. पूण हो आवाज ताचो न्हय."

मी मोठ्या ऐटीत समजावू लागलो, की जुनी कॉइल कशी निकामी होती, रोध कसा कमी होता. आंटी म्हणाल्या, निकामी नव्हती ती. त्यांनी आणि मी केलेली होती.

मग सांगितले. १९७४ च्या मे महिन्यात देशभर रेल्वेचा संप झाला, वीस दिवस चालला. अंकल संपात होते. पगार नाही, पुढे नोकरी राहील की नाही ते माहीत नाही, घरात दोन लहान मुले. मे महिना म्हणजे लग्नांचा. बास वाजवून जे मिळेल त्यावर घर चालायचे. आणि त्याच आठवड्यात पिकअप बंद पडला. तार आतून तुटली. नवा कुठून आणणार? अंकलनी घरातला जुना व्हॉल्व्हचा रेडिओ फोडला, त्याच्या ट्रान्सफॉर्मरमधली तार उकलली आणि हाताच्या ड्रिलला जुन्या पिकअपचा सांगाडा बांधून दोन रात्री कंदिलाशेजारी बसून वेढे घातले. अंकल फिरवायचे, आंटी मोजायच्या. शंभर झाले की आगकाडी बाजूला. चाळीस काड्या झाल्यावर तार संपली. शनिवारी लग्न होते. वाजली.

चार हजार वेढे. तार जाड आणि वेढे कमी, म्हणूनच रोध सव्वा हजार. आवाज दबका, गोलसर आणि मागे बारीक गुणगुण. ती कॉइल त्यानंतर तीसएक वर्षे वाजली. तिने त्या महिन्यात त्या घराला जेवू घातले होते. आणि मी ती भंगारात दिली होती.

आंटींनी मला एक शब्दही वाईट बोलला नाही. उलट जाताना दोदोलचा डबा दिला. लोंढ्यापर्यंतच्या गाडीत मी तो उघडला नाही.

जुने ते सोने, पण कुठले जुने?

जगात जुन्या बास गिटारी जमवणाऱ्यांचा एक मोठा वर्ग आहे. त्यांचा दंडक असा, की कारखान्यातून आली तशीच हवी. प्रत्येक स्क्रू मूळचा. सोल्डरचा ठिपकाही कुणी छेडलेला नको. एक भोक जास्त असले की किंमत खाली येते. हेही खोटे नाही. १९५१ ची वस्तू जशीच्या तशी राहिली तरच पुढच्यांना ती कशी होती ते कळेल. १९६५ मध्ये फेंडर कंपनी सीबीएसला विकली गेली, त्याआधीच्या वाद्यांना म्हणूनच जास्त मान.

पण हा दंडक आपल्याकडच्या वाद्याला लावला तर काय उरेल? आपल्याकडे कोरी राहिली ती बास वाजलीच नाही, असे समजावे. मेंडोलिनची खुंटी, रेडिओचे बटण, आगकाड्यांवर मोजलेली कॉइल, हीच तिची कागदपत्रे. टोकियोच्या कारखान्यातली कॉइल हा जपानचा इतिहास. चाळीस काड्यांची कॉइल हा आपला. ज्यांची नावे तबकड्यांवर छापली गेली नाहीत, त्यांच्या सह्या अशा भोकांतून आणि सोल्डरमधून राहिल्या आहेत. मी 'दुरुस्ती' केली तेव्हा वाद्य सुधारले, पण सही खोडली.

मग काहीच बदलू नये का? तसेही नव्हे. चौडय्यांनी तीन तारा जोडल्या नसत्या तर मागच्या रांगेला काय ऐकू आले असते? अंकलनीही बदलच केला होता! आपल्या म्हैसूरच्या रेल्वे म्युझियममध्ये (स्थापना १९७९) मुलांना नेतो तेव्हा हाच प्रश्न मनात येतो. 'फेअरी क्वीन' हे इंजिन १८५५ चे. १९९७ मध्ये ते पुन्हा धावू लागले. चालत्या इंजिनाचे भाग बदलावेच लागतात. न बदललेले इंजिन हवे असेल तर ते उभे राहील, धावणार नाही.

उत्तर आमच्या खात्यातच होते, मला उशिरा सुचले. सिग्नलच्या प्रत्येक यंत्राला हिस्टरी कार्ड असते. कधी बसवले, कधी बिघडले, काय काढले, काय घातले, कुणी केले, तारीख आणि सही. ड्युटीवर मी हे कधी चुकवले नाही. घरी, स्वतःच्या वस्तूला मात्र केले नाही.

आता केले आहे. एक साधी वही, बासच्या खोक्यात असते. माझे नियम तीनच. जुना भाग काढला तर फेकायचा नाही, चिठ्ठी लावून ठेवायचा. लाकूड कापायचे नाही, कारण स्क्रू परत लावता येतो, लाकूड परत येत नाही. आणि काहीही करण्याआधी ज्याचे वाद्य होते त्याच्या घरी विचारायचे. हा तिसरा नियम पहिला असायला हवा होता.

लाकडाचे म्हणाल तर त्याचाही पुरवठा आता मुबलक नाही. फेंडरने पन्नासच्या दशकाच्या अखेरीस मानेवर शिसवी पट्टी लावायला सुरुवात केली. आधी ब्राझीलची शिसवी असे. साठच्या दशकाच्या अखेरीस ती दुर्मिळ झाली आणि पाश्चात्त्य कारखाने भारतीय शिसवीकडे वळले. कानडीत जिला बीटे म्हणतात तीच. आपला बोगादी रस्ता गद्दिगेवरून पुढे ज्या रानांच्या दिशेने जातो, तिथले हे झाड. २०१७ च्या जानेवारीपासून शिसवीच्या जातीच्या सगळ्या लाकडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कागदपत्रांचे बंधन आले. तयार वाद्यांना २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये त्यातून सूट मिळाली. कुठल्या तरी परदेशी वादकाचे बोट आज आपल्याच सह्याद्रीच्या लाकडावर फिरत असेल. तेव्हा जुनी मान फेकून नवी लावण्याआधी दहा वेळा विचार करावा.

चाळीस काड्या

२०२० च्या टाळेबंदीत ड्युटीवरून आलो की संध्याकाळ मोकळी असे. टूलबॉक्समधून ते चुंबक काढले. जुन्या बाजारातून पूर्वी आणून ठेवलेला एक मोडका व्हॉल्व्ह रेडिओ घरात होताच. डायरीत सव्वा हजार ओहमचा आकडा होता, तेवढाच एक पुरावा. हाताच्या ड्रिलला सांगाडा बांधला. मी फिरवत होतो आणि मुलगी मोजत होती. शंभर झाले की काडी. मधे दोनदा तार तुटली, पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या रात्री चाळीस काड्या झाल्या. मीटर लावला, आकडा साधारण जुळला. सुताराने मोठी केलेली खाच लाकडी तुकडा बसवून भरली. ती जखम मात्र दिसते, आणि दिसू दे. नवा पिकअप चिठ्ठी लावून खोक्यात ठेवला आहे.

गुणगुण परत आली. गेल्या वर्षी स्टेजवर मी हीच बास वाजवत होतो. साउंडवाल्याने दोनदा येऊन विचारले, "साहेब, अर्थिंग बघू का?" म्हटले, नको, राहू दे.

ही तीच कॉइल नव्हे, हे मला ठाऊक आहे. ती गेली. वहीत पहिल्या पानावर तसे लिहून ठेवले आहे : मूळ कॉइल १९७४, अंकल आणि आंटी, चार हजार वेढे, २०११ नंतर माझ्या हातून भंगारात, पुन्हा भरली २०२०, मी आणि मुलगी. खाली सही.

आंटींना फोनवर ऐकवायचा प्रयत्न केला. पण साध्या फोनच्या लाइनवर तीनशे कंपनांखालचे स्वर जातच नाहीत. आंटी म्हणाल्या, "काही कळत नाही पुता, खरखर येते. तू घेऊन ये."

तेव्हा मंडळी, आपल्या घरांत आजोबांची पेटी, काकांचा तबला, कुणाची मेळ्यात वाजवलेली बासरी असेल, तर दुरुस्तीला देण्याआधी घरातल्या वडीलधाऱ्यांना एकदा विचारा. ते काय सांगतात ते वहीत टिपा. आणि भंगारवाला दारात आला तर एक दिवस थांबा.

माझ्यापुरते म्हणाल तर यंदाचे विसर्जन झाले की चार दिवस रजा टाकली आहे. वास्कोला जायचे आहे, बास घेऊन.

गणपती बाप्पा मोरया!